खालची बाजू कोण बघणार

दुकानवाली बाई त्याला लांबून येताना बघायची आणि आधी दोन कप चहा सांगून ठेवायची. हे गिऱ्हाईक पाच मिनिटांत आटपणारं नाही, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. डझनभर स्क्रू घ्यायचे तरी हा गृहस्थ अख्खा डबा काउंटरवर ओतायचा, एकेक स्क्रू डोळ्यांजवळ धरून फिरवायचा आणि ज्यांची खाच डोक्याच्या बरोबर मधोमध आहे तेवढेच बारा वेचून घ्यायचा. बाकीचे परत डब्यात भरायचं काम बाईचं. तरी ती त्याच्यावर कधी वैतागली नाही, कारण त्यानं इथून नेलेली वस्तू कधी परत आणल्याचं तिला आठवत नव्हतं.

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे अर्धामिली म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखानं नांदत होतं. शिकाऊ असताना त्यानं खुद्द मालकानं बसवलेलं कपाटाचं दार उतरवलं होतं. का, तर एका बाजूनं अर्धा मिली, म्हणजे अर्धा मिलिमीटर, खाली आहे. मालकानं लाल होऊन पट्टी लावली. दार अर्धा मिली खाली होतं. मालक आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, पण हे नाव त्यानंच ठेवलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. मालकाचा मुलगा मालक झाला, अर्धामिलीचे केस गेले, नाव काही गेलं नाही.

त्या शनिवारी त्यानं खिशातून लाल प्लास्टिकचं एक बटण काढून काउंटरवर ठेवलं. शर्टाचं नव्हे. चांगलं जाडजूड, बाटलीच्या बुचापेक्षा थोडं मोठं, खाली आट्यांची नळी असलेलं.

"ह्याला भोक पाडायचंय," तो म्हणाला.

"ह्याला?"

"ह्याच्यासाठी. फळीला."

मग त्यानं सगळं सविस्तर सांगितलं, कारण थोडक्यात सांगणं हा प्रकार त्याच्याकडे नव्हता. पूर्वी गेमच्या दुकानात उभी मशीन असायची ना, कपाटाएवढी? वर पडदा, पडद्याखाली उतरती फळी, फळीवर एक दांडी आणि बटणं. नाणं टाकलं की सुरू. त्यातली फक्त फळी बनवायची आणि खाली एक खोकं. बाकीचं तारांचं काम त्याची लेक करणार होती, ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. पडद्याच्या जागी घरचाच टीव्ही.

"हौस कुणाची? लेकीची?"

"ताईची."

"त्या टेलर ताई? त्यांचं वय काय आता?"

"बासष्ट."

बाईनं चहाचा घोट गिळला. "बरं," ती म्हणाली आणि ड्रॉवर उघडला. अवजारं विकणाऱ्याला जास्त चौकशा करून चालत नाही.

तिनं ड्रिलला लावायची तीन बिटं काढून फडक्यावर मांडली. पहिलं चपटं, मधे टोक आणि दोन्हीकडे पंख. दुसरं वाटीसारखं, काठाला करवतीचे दात. तिसरं म्हणजे जाड गोल चकती, कडेला बारीक दात आणि मधे इवलंसं टोक. त्याला फॉर्स्टनर म्हणतात, आणि चांगलं भोक पाडण्यासाठी माणसानं याहून नामी काही शोधलेलं नाही, असं अर्धामिलीचं ठाम मत होतं. पण मत एक आणि खात्री एक. त्यानं पिशवीतून एमडीएफच्या फळीचा तुकडा काढला, भिंग काढलं, बारीक मापाचा कॅलिपर काढला. बटणाची नळी त्यानं तीन ठिकाणी मोजली. सत्तावीस पूर्णांक आठ.

"अठ्ठावीसचं द्या. तिन्ही प्रकारांत."

"तिन्ही घेणार?"

"बघणार."

दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रिलचं उभं मशीन होतं. बाई ते फक्त दोघातिघांना वापरू द्यायची. अर्धामिलीनं तुकडा पकडीत बसवला आणि हात पुढे केला, तेवढ्यात बाईनं मशीनचं बटण बंद केलं.

"बाही वर घ्या आधी. तो दोरा बिटात गेला तर हातासकट जाल."

त्याच्या उजव्या बाहीची शिवण उसवली होती आणि वीतभर दोरा लोंबत होता. दोन महिने लोंबत होता. एरवी अशा दोऱ्याचं आयुष्य दोन दिवसांपलीकडे जायचं नाही, कारण ताईच्या नजरेतून तो सुटायचा नाही. अर्धामिलीनं बाही दुमडली.

चपट्या बिटानं भोक चटकन पडलं. वरून बरं दिसत होतं. तुकडा उलटा केला तर खाली टवके उडालेले, कडा सुजून वर आलेली. वाटीचं बिट भलतंच तापलं, जळका वास सुटला आणि आतली चकती वाटीत अशी अडकून बसली की बाईला ती पेचकसानं ठोकून काढावी लागली. तिसऱ्यानं मात्र अगदी सावकाश, गोल गोल भुसा बाहेर टाकत आपलं काम केलं. अर्धामिलीनं तुकड्याखाली आणखी एक टाकाऊ फळी ठेवली होती, त्यामुळे बिट बाहेर पडतानाही लाकडाला आधार मिळाला. त्यानं खालची कड भिंगातून पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर, नातवाला पहिल्यांदा बघताना लोकांच्या येतं तसं काहीतरी आलं. मग त्यानं बटण भोकात घातलं. टक् आवाज करून ते बसलं आणि हललं नाही.

"अहो मिस्त्री, चपटंच घ्या की," बाई म्हणाली. "हे महागाचं. चार भोकांसाठी कशाला? वरून तर सारखंच दिसतंय. खालची बाजू कोण बघणार?"

"मी."

बाईनं चपटं बिट परत ड्रॉवरमध्ये टाकलं. मग राउटरची, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राची, बिटं निघाली आणि दुसरा चहा आला. एक सरळ बिट, दांडीची लोखंडी पट्टी बसवायला खालून तीन मिलीचा खड्डा खणायचा म्हणून. एक बेअरिंगवालं, नमुन्याच्या कडेवरून फिरवलं की फळी हुबेहूब तशीच कापून देणारं. आणि एक बारीक चकतीचं, फळीच्या कडेला चहूबाजूंनी खाच पाडायला. त्या खाचेत रबरी पट्टी ठोकून बसवली की कड झाकली जाते. खाच फळीच्या जाडीच्या बरोबर मधोमध हवी, नाहीतर पट्टी एकीकडे उतू जाते. मधोमध म्हणजे किती, यावर तो पंधरा मिनिटं बोलला. तेवढ्यात तीन गिऱ्हाईकं आली, आपापली वस्तू घेऊन गेली, आणि त्यातल्या एकानं जाताना बाईकडे सहानुभूतीनं पाहिलं.

आता ह्या सगळ्या खटाटोपाचं मूळ.

ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत ती दुरुस्तीचं शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, ते कुणीही शिवतं, असं तिचं म्हणणं. पोट वाढलेल्याची विजार सैल करणं, बारीक झालेल्याची घट्ट करणं, अडकलेल्या चेना, फाटलेले खिसे. तिची कात्री खास डावखुऱ्यांची होती, वजनदार, काळ्या मुठीची, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. नवरा गेल्यावर ह्या खोलीनं तिला उभं ठेवलं होतं. फळीवरचा गठ्ठा काढताना ती स्टुलावरून पडली आणि डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तीन बोटंही हळूहळू वळणावर आली. अनामिका आणि करंगळी मात्र तळव्याकडे तोंड करून बसली ती बसलीच.

इस्पितळातल्या व्यायामाच्या डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. अजून दीड महिना. रोज हलवली तर बोटं उघडतील. नाही हलवली तर ती कायमची तशीच राहतील, आणि मग वजनदार कात्री विसरायची. दाबायला त्यांनी एक पिवळा रबरी चेंडू दिला. ताईनं तो दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी कपाटावर फेकला.

"मी काय मांजर आहे, चेंडू खेळत बसायला?" ती म्हणाली.

अर्धामिलीनं समजावलं, लेकीनं समजावलं, शेजारणीनं समजावलं. जितकं समजावलं तितकी ती गप्प होत गेली. आणि एका रविवारी तिनं ती काळ्या मुठीची कात्री फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "तुझ्या त्या अवजारवाल्या बाईला विचार, कुणी डावखुरं असेल तर देऊन टाक. गंजून तरी काय उपयोग."

त्याला भीती वाटली. मनगट मोडलं त्या दिवशी वाटली नव्हती एवढी वाटली. कात्री त्यानं पिशवीत टाकली आणि त्यानंतर त्या पिशवीतून भिंग निघालं, कॅलिपर निघाला, कात्री काही निघाली नाही.

त्याच दिवशी एक गोष्ट घडली. लेक आत्याच्या पलंगाशी बसून मोबाइलवर कुठलातरी जुना खेळ खेळत होती. विमानं येतात, पाडायची, तसला. टुईं टुईं आवाज सुरू झाला आणि ताईची बोटं चादरीवर नाचायला लागली. डोळे खिडकीबाहेर, बोटं चादरीवर. अर्धामिली बघतच राहिला. तीन बोटं तर नाचत होतीच, पण करंगळीही, अगदी तिळभर, थरथरत होती.

त्याला एकदम चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं गेमचं दुकान आठवलं. दोघांना मिळून एकच नाणं मिळायचं. म्हणून एकाच खेळात दोघं. तो एवढासा, लाकडी खोक्यावर उभा राहून दांडी धरायचा आणि ताई बटणं दाबायची. विमान त्याचं, गोळ्या तिच्या. पंधराव्या वर्षी तो दुसऱ्या गावी कारखान्यात शिकायला गेला. वर्षानं सुट्टीवर आला तेव्हा ताई मशीनसमोर एकटी उभी होती, मागे पोरांची गर्दी. डावा हात उजवीकडे बटणांवर, उजवा हात डावीकडे दांडीवर, दोन्ही एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले. त्या अडचणीच्या अवस्थेत ती सगळ्यांचे विक्रम मोडत होती. पोरांनी तिचं नाव कात्री ठेवलं होतं. डावखुरी आहे ना, म्हणून असे हात, असं सगळे म्हणत. त्यालाही तसंच वाटलं.

तर आता अर्धामिलीच्या डोक्यात असं आलं, की बिचारीनं उजव्या हाताच्या लोकांसाठी बनवलेल्या मशीनवर सगळी वर्षं हात पिळून काढली. आपण तिच्यासाठी डावखुरी फळी बनवू. बटणं डावीकडे, दांडी उजवीकडे. दुखऱ्या हाताला वाकडं जायला नको. कल्पना त्याला इतकी आवडली की त्यानं स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. ताईला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण तिला चकित करायचं होतं. ज्या माणसानं चार भोकांसाठी तीन बिटं तपासली, त्यानं एवढी एक गोष्ट तपासली नाही.

काम चाललं घराशेजारच्या शेडमध्ये, कारखान्यातून आल्यावर. एमडीएफला तो एरवी दाबलेला भुसा म्हणायचा, पण आता त्यानं ते निमूटपणे घेतलं, कारण ते दोन्ही अंगांनी सारखं असतं. चार बटणं एका ओळीत, एकेका बोटाला एक. अंतरासाठी त्यानं इस्पितळातून मिळालेला कागद वापरला, ज्यावर ताईचा पंजा पेन्सिलनं रेखून घेतला होता. काटकोनी गुण्या लावून रेघा मारल्या, टोच्यानं खुणा केल्या, पुन्हा मोजल्या. चारही भोकं टाकाऊ फळीचा आधार देऊन पाडली. रंग वरून दिला तसा खालूनही दिला, निळा, दोन हात, मधे घासून.

"खाली कशाला?" लेकीनं विचारलं.

"एकाच अंगाला रंग दिला की फळी वाकते."

"आणि नसती वाकत तर?"

"तरी दिला असता."

लेकीनं डोळे फिरवले आणि तारा जोडायला बसली. आपली युक्ती तिनं तिथेच लढवली. गोळी सुटण्याचं बटण, जे सगळ्यात जास्त लागतं, ते तिनं करंगळीच्या वाट्याला दिलं.

रविवारी सकाळी दोघांनी ते प्रकरण ताईच्या टीव्हीसमोर टेबलावर ठेवलं. निळी फळी, काळी रबरी कड, चार लाल बटणं, चार कोपऱ्यांत आरपार चार बोल्ट. ताई बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिनं उजव्या हातानं कडेवरून बोट फिरवलं, कापड बघतात तसं.

"तू केलंस?"

"हो."

"छान बसलीय कड," ती म्हणाली आणि बसली. पडल्यापासून पहिल्यांदा तिच्या गालावर रंग आला. लेकीनं खेळ सुरू केला. अर्धामिली ताईच्या उजव्या अंगाला उभा राहिला आणि आता बघाच, अशा चेहऱ्यानं लेकीकडे पाहिलं.

पहिलं विमान बारा सेकंदांत पडलं. दुसरं त्याहून लवकर. तिसऱ्याला तर ताईनं दांडी वर ढकलायची ती खाली ओढली आणि विमान आपल्या पायानं भिंतीवर जाऊन आपटलं. करंगळी बटणावर नुसती पडून होती. टीव्हीवर खेळ संपल्याची धून वाजली, ती जरा जास्तच आनंदी होती.

ताईनं हात मांडीवर घेतला. "गेली माझी बोटं," ती म्हणाली. "एवढंसं पोरांचं काम ते, तेही होईना. उगाच त्रास घेतलास तू."

चेंडू कपाटावर गेला तेव्हा निदान चेंडूलाच बोल लागला होता. आता आपणच आपल्या हातानं, निळा रंग देऊन, तिची बोटं गेल्याचा पुरावा आणून ठेवला, असं अर्धामिलीला झालं. तो दांडी नीट घट्ट आहे का ते बघायला वाकला.

"आणि तू आधी इकडून हो," ताई कावून म्हणाली. "सारखा उजवीकडून मधे मधे येतोयस. तू तिकडे असायचास."

"कुठे?"

"डावीकडे, खोक्यावर. दांडी डावीकडे होती ना."

"ते लहानपणी, ताई. नंतर तू एकटीच खेळायचीस. हातांची कात्री करून. डावखुरी म्हणून."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाला पुन्हा खोक्यावर उभं असल्यासारखं वाटलं.

"डावखुरी म्हणून कोण म्हणालं? सरळ हात ठेवूनही खेळता आलं असतं की. माझ्या डाव्या हाताला उजवीकडच्या बटणांची सवय, कारण डावीकडे तू. मग तू गेलास निघून. दांडी मोकळी पडली. ती कुणीतरी धरायला हवी, म्हणून उजवा हात तिकडे धाडला. तुझ्या जागेवर."

टीव्हीवर विमानं आपली आपण उडत होती. लेक तारांकडे बघायला लागली. अर्धामिलीला त्या वर्षीचं आठवलं, कारखान्याच्या वरच्या खोलीत पहिले सहा महिने तो रोज घराची आठवण काढून रडायचा आणि पत्रात मात्र जेवण चांगलं आहे असं लिहायचा. तिकडे ताईचंही काही रिकामं झालं असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते आज आलं, आणि त्याला फार वाईटही वाटलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

"मग हे सगळं उलटं झालं म्हणायचं," तो म्हणाला.

"सपशेल," ताई म्हणाली.

फळी काढून तो शेडमध्ये घेऊन आला. नवीन बनवायची तर कापणं, खाच, भोकं, रंग, रंग वाळणं, म्हणजे दोन आठवडे गेले. आणि डॉक्टर बाईंच्या दीड महिन्यातले तीन आठवडे उडालेच होते. बटणं आणि दांडी काढून त्यानं फळी टेबलावर पालथी टाकली आणि डोकं धरून बसला. थोड्या वेळानं त्यानं डोकं वर केलं.

पालथ्या फळीवर दांडीचं भोक डावीकडे होतं आणि बटणांची भोकं उजवीकडे.

तो उठून भिंग घेऊन आला. भोकांच्या कडा इकडूनही तितक्याच साफ, एक टवका नाही. रंग इकडूनही दोन हात, घासलेला. कडेची खाच बरोबर मधोमध, म्हणजे रबरी पट्टी काढायचीही गरज नाही. बोल्ट आरपार. खालची बाजू वर आली होती आणि तिला काही झालं नव्हतं. फक्त एक गोष्ट आडवी येत होती. दांडीच्या पट्टीसाठी खालून खणलेला तीन मिलीचा चौकोनी खड्डा आता फळीच्या तोंडावर आला होता.

त्यानं फिकट लाकडाचा एक तुकडा शोधला, रंध्यानं तीन मिलीवर आणला, खड्ड्याच्या मापानं कापला, पटाशीनं कोपरे साफ केले आणि डिंक लावून बसवला. मग मधे दांडीपुरतं भोक पाडलं. निळ्या फळीवर फिकट चौकोन ठसठशीत दिसत होता. रंगवायचा तर आणखी तीन दिवस वाळवत ठेवावा लागणार. चाळीस वर्षांत त्यानं आपल्या कामाच्या तोंडावर ठिगळ दिसू दिलं नव्हतं. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग रंगाचा डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वॉशर घ्यायला तो दुकानात गेला, तेव्हा बाईनं हसून विचारलं, "काय मिस्त्री, झाली फळी? बघितली का कुणी खालची बाजू?"

"आता तीच वर आहे," तो म्हणाला आणि वॉशर घेऊन चालता झाला. पाच मिनिटांच्या आत. बाईनं सांगितलेले दोन्ही चहा मग तिलाच प्यावे लागले.

संध्याकाळी फळी पुन्हा टेबलावर बसली. ताईचं बोट आधी ठिगळावर गेलं. कडेवरून नख फिरवून तिनं पाहिलं, नख कुठे अडकलं नाही.

"ठिगळ चांगलं लावलंस. टाका दिसत नाही."

"दांडी मात्र तीन मिली बुटकी झालीय. पट्टी खाली गेली ना."

"तूही बुटकाच होतास. हो डावीकडे."

तो डावीकडे उभा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दांडी हातात धरली, आणि लक्षात आलं की आपल्याला हा खेळ कधीच नीट येत नव्हता. ताईनं डावा हात उजवीकडच्या बटणांवर ठेवला. लेकीनं सुरू केलं. पहिलं विमान एक मिनिट टिकलं.

"वर घे, वर," ताई म्हणाली. "तेव्हाही असाच भिंतीला जायचास."

"तू गोळी मार ना."

"गोळी करंगळीवर कुणी ठेवलीय?"

"डॉक्टरांनी," लेक मागून म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज जरा बारीक व्हायचा.

"दुखतंय मेलं," ताई म्हणाली, पण हात काढला नाही. करंगळी बटणावर आडवी पडली होती. समोरून तीन विमानं आली, अर्धामिलीनं दांडी भलतीकडेच नेली, ताई त्याच्या नावानं ओरडली, खऱ्या नावानं, जे पगारपत्रकाबाहेर कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्या रागात करंगळी उचलली गेली आणि खाली आली. टक्. एक विमान पडलं. तिनं बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा टक्.

असं आठ दिवस चाललं. कारखान्यातून सुटला की तो थेट ताईकडे. शेजारीण खिडकीतून विचारायची, भांडण चाललंय का हो? कपाटावरचा चेंडू लेकीनं एकदा काढून दिला, तर ताई म्हणाली, ठेव तो तिथेच, त्याचं तोंड बघायचं नाही मला. अनामिका बरीच सुटली. करंगळी दिवसाकाठी थोडं थोडं उघडत होती, किती ते अर्धामिली रोज त्या पेन्सिलच्या कागदावर ताईचा हात ठेवून मोजायचा. ताई म्हणायची, बोटाला तरी कॅलिपर लावू नकोस.

नवव्या दिवशी खेळ संपला, त्यांचा सगळ्यात मोठा आकडा टीव्हीवर झळकत होता आणि ताई त्याच्या बाहीकडे बघत होती.

"ती कात्री दिलीस का कुणाला?"

"नाही."

"विचारलंस तरी?"

"नाही."

"मग आण."

त्यानं पिशवीतून फडकं काढलं. कात्रीला त्यानं धार लावून ठेवली होती, मुठीचा सैल झालेला खिळाही आवळला होता. ताईनं अंगठा घातला, मग बोटं एकेक करून घातली, करंगळी सगळ्यात शेवटी, दुसऱ्या हातानं जरा आत सारून. पाती उघडली आणि मिटली.

"हात पुढे कर."

त्यानं उजवा हात पुढे केला. लोंबणारा दोरा तिनं उजव्या चिमटीत ताणून धरला. पहिल्या वेळी पाती दोऱ्यावरून घसरली. दुसऱ्या वेळी दोरा मधे दुमडला. लेक काहीतरी बोलणार होती, अर्धामिलीनं तिला नजरेनंच थांबवलं. तिसऱ्या वेळी दोरा तुटला, शिवणीच्या अगदी लगत, आणि जमिनीवर पडला.

ताईनं उसवलेली शिवण निरखून पाहिली.

"शर्ट ठेवून जा," ती म्हणाली. "परवा ने."

अर्धामिली त्या संध्याकाळी बनियनवर घरी गेला. भर वस्तीतून, पिशवी खांद्याला लावून. कोपऱ्यावर दुकानवाली बाई शटर ओढत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शर्ट कुठे गेला म्हणून विचारलं.

"टेलरकडे टाकलाय," तो म्हणाला.